कुत्र्यांचा मधुमेह: कारणे, लक्षणे आणि देखभाल

कुत्र्याचा मधुमेह हा जवळजवळ नेहमीच इन्सुलिनच्या तुटवड्याचा आजार असतो. जठर आणि लहान आतड्याला लागून असलेल्या स्वादुपिंडात पेशींची बारीक बेटे असतात आणि त्यांतल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. रक्तातले ग्लुकोज स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींत शिरायला हे इन्सुलिन लागते. बीटा पेशी नष्ट होत गेल्या की साखर रक्तातच साचते आणि शरीर भरल्या ताटावर उपाशी राहते. माणसांत सर्रास दिसणारा, वाढत्या वजनाशी जोडलेला आणि गोळ्यांनी आटोक्यात राहणारा दुसऱ्या प्रकारचा मधुमेह कुत्र्यांत सहसा आढळत नाही. घरात आजोबांना साखर असते, म्हणून कुत्र्याच्या आजारालाही तोच हिशेब लावला जातो. गोड बंद केले, फिरवणे वाढवले की भागेल, असे वाटते. कुत्र्याच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. निदान होते तेव्हा बीटा पेशी इतक्या कमी उरलेल्या असतात की बाहेरून इन्सुलिन देण्यावाचून मार्ग नसतो.

मुळात या आजाराची उकल कुत्र्यांमुळेच झाली. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे योझेफ फॉन मेरिंग आणि ऑस्कर मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. त्या कुत्र्याला मधुमेह झाला आणि आजाराचे मूळ कोणत्या अवयवात आहे ते कळले. १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क याच तऱ्हेने मधुमेही केलेल्या कुत्र्यांना टोचून त्यांची साखर उतरवून दाखवली. मार्जोरी नावाची कुत्री त्यांतलीच. जानेवारी १९२२ मध्ये हे औषध पहिल्यांदा माणसाला दिले गेले. वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या औषध दुकानातल्या फ्रिजमध्ये असलेली इन्सुलिनची बाटली ही त्या कुत्र्यांची देणगी आहे. ती आज एखाद्या कुत्र्यासाठी विकत घेताना कोणालाही संकोच वाटू नये.

बीटा पेशी नष्ट होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि पुष्कळदा दोन-तीन एकत्र येतात. काही कुत्र्यांत शरीराची रोगप्रतिकारशक्तीच या पेशींवर उलटते. यामागे आनुवंशिकतेचा भाग असतो. सॅमॉयेड, मिनिएचर श्नाउझर, पूडल आणि पग या जातींत हा आजार अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत, तर जर्मन शेफर्ड आणि गोल्डन रिट्रीव्हर यांत कमी. गावठी कुत्री यातून सुटलेली नाहीत. बहुतेक रुग्ण मध्यम वयाचे किंवा म्हातारे असतात. सात ते दहा वर्षांच्या कुत्र्यांत हा आजार जास्त दिसतो, पिल्लांत फार क्वचित. ब्रिटनमधल्या पाहणीत साधारण तीनशे कुत्र्यांमागे एक मधुमेही आढळले होते. म्हणजे हा आजार रोज दिसणारा नाही, पण दुर्मीळही नाही.

दुसरे मोठे कारण म्हणजे स्वादुपिंडाची सूज. सूज वारंवार आली किंवा एकदाच पण जोरात आली, तर पाचक रस तयार करणाऱ्या भागासोबत इन्सुलिनची बेटेही जळून जातात. अचानक पोटात गेलेली भरपूर चरबी हे या सुजेचे एक ओळखीचे निमित्त आहे. विदर्भात धुळवडीला घरोघरी मटण शिजते. वर तेलाचा तवंग आलेला रस्सा, काढून टाकलेली चरबी आणि उरलेली हाडे प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवली जातात. पुढच्या एक-दोन दिवसांत कुत्रे ओकते, पोट दुखते म्हणून पाठीची कमान करून उभे राहते, अन्नाला तोंड लावत नाही. ‘पोट बिघडले’ म्हणून हे प्रकरण मिटवले जाते. सणानंतरची ओकारी थांबत नसेल तर कुत्र्याला पशुवैद्यकाकडे नेणे, आणि मुळात चरबी त्याच्या भांड्यात न टाकणे, या दोन्ही गोष्टी घरच्यांच्या हातात आहेत. लठ्ठपणाचा धोका असाच आडवाटेने येतो. लठ्ठ कुत्र्यात इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि स्वादुपिंडाच्या सुजेची शक्यता वाढते. चहात बुडवलेल्या बिस्किटाने थेट मधुमेह होत नाही. मात्र रोजच्या बिस्किटांनी वजन चढते आणि ते वजन कुत्र्याला पुढे महाग पडते.

तिसरे कारण माद्यांपुरते आहे आणि आपल्याकडे त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. कुत्री माजावर येऊन गेल्यावर, गाभण असो वा नसो, तिच्या शरीरात साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढलेले राहते. कुत्र्यांत या संप्रेरकामुळे स्तनग्रंथींतून वाढीचे संप्रेरक रक्तात उतरते आणि ते इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. तरुणपणी स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून निभावून नेते. उतारवयात मात्र दर माजानंतर पडणारा हा ताण पेलत नाही. त्यामुळे गर्भाशय आणि बीजकोश न काढलेल्या, सात-आठ वर्षांपुढच्या माद्यांत माजानंतरच्या काही आठवड्यांत मधुमेह उघड होताना दिसतो. माज टाळण्यासाठी दिली जाणारी संप्रेरकांची इंजेक्शने आणि गोळ्या हाच परिणाम घडवतात. पिल्ले नको असतील तर शस्त्रक्रिया हाच सुरक्षित मार्ग आहे. तीच शस्त्रक्रिया गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टाळते.

स्टिरॉइडबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. पावसाळ्यात गोचीड आणि पिसवा वाढतात, कातडीला खाज सुटते आणि कुत्रे रात्र रात्र खाजवत राहते. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन दिले की दुसऱ्याच दिवशी खाज थांबते, म्हणून तीच गोळी दुकानातून पुन्हा पुन्हा आणली जाते. ही औषधे योग्य जागी, ठरावीक दिवस दिली तर उपयोगाची आहेत. पण महिनोन् महिने चालू राहिली तर ती शरीराला इन्सुलिनला जुमानू देत नाहीत आणि काठावर असलेल्या कुत्र्याला मधुमेहात ढकलतात. खाजेचे मूळ गोचिडांत असेल तर गोचीड मारण्याचे औषध नियमित लावले पाहिजे आणि निजायची जागा साफ ठेवली पाहिजे. काही म्हाताऱ्या कुत्र्यांत अधिवृक्क ग्रंथी स्वतःच जादा स्टिरॉइड तयार करतात. कुशिंग नावाने ओळखला जाणारा हा विकार मधुमेहासोबत असेल, तर इन्सुलिनचा डोस वाढवूनही साखर उतरत नाही.

आजाराची मुख्य लक्षणे चार आहेत: तहान वाढते, लघवी वाढते, भूक वाढते आणि तरीही वजन उतरते. निरोगी कुत्र्याच्या रक्तात उपाशीपोटी दर डेसिलिटरला साधारण ७० ते १२० मिलिग्रॅम साखर असते. ती १८० ते २२० च्या पुढे गेली की मूत्रपिंडाला सगळी साखर परत ओढून घेता येत नाही आणि ती लघवीत उतरते. साखर आपल्याबरोबर पाणी ओढते, म्हणून लघवी वाढते. गेलेले पाणी भरून काढण्यासाठी कुत्रे सतत पीत राहते. एरवी वर्षानुवर्षे घर न बिघडवणारे कुत्रे रात्री ओसरीत किंवा पलंगाखाली लघवी करू लागते आणि त्यासाठी मार खाते. हा हट्ट नसतो, म्हातारपणाचा चळही नसतो. अशा कुत्र्याची आधी साखर तपासावी.

वर्धा जिल्ह्यात नेमके हेच पहिले लक्षण झाकले जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तेव्हा प्रत्येक कुत्रे कूलरसमोर लोळत भांडेच्या भांडे रिकामे करते. तहान उन्हाच्या नावावर जाते. शेतावर किंवा मोकळ्या अंगणात राहणारे कुत्रे लघवी कुठे आणि किती वेळा करते हे कोणी पाहत नाही. वजन उतरले तरी ‘उन्हाळ्यात खात नाही’ हे कारण तयार असते. वास्तविक मधुमेही कुत्रे भरपूर खाऊन वाळत जाते. उन्हाने खाणे सोडलेल्या कुत्र्याहून ते इथेच वेगळे दिसते: कण्याचे मणके हाताला लागू लागतात, मांड्या उतरतात, केस राठ होतात, पण ताट चाटूनपुसून साफ असते. असे दिसले की ऋतू कोणताही असो, मोजमाप करावे.

मोजमाप सोपे आहे. सकाळी लिटरच्या मापाने भांड्यात पाणी ओतावे, दिवसभरात भर घातली तर लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले पाणी मोजून वजा करावे. घरात दोन कुत्री असतील तर तेवढे दोन दिवस त्यांची भांडी वेगळी ठेवावीत, कुत्रे सावलीत राहील असे पाहावे आणि बाहेरचे हौद किंवा गुरांचे टाके झाकावेत. साधारणपणे कुत्रे दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर पाणी पिते. उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते. पण किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने एक लिटरहून आणि तीस किलोच्या लॅब्राडोरने तीन लिटरहून अधिक पाणी रोज पिणे, हे तपासणीला पुरेसे कारण आहे.

लघवीच्या जागी मुंग्या जमणे ही आपल्याकडची जुनी खूण. आयुर्वेदाच्या वैद्यांनीही ती नोंदवली होती. फरशीवर वाळलेली लघवी चिकट लागते आणि थोड्याच वेळात मुंग्यांची रांग लागते. ही खूण दिसली तर दुर्लक्ष करू नये, मात्र मुंग्या नाहीत म्हणून निश्चिंतही होऊ नये. लघवीची साखर तपासण्याच्या पट्ट्या औषध दुकानात मिळतात. सकाळी फिरायला नेताना लांब दांड्याची जुनी पळी सोबत ठेवावी. कुत्रे लघवीला बसले किंवा त्याने पाय वर केला की धार सुरू झाल्यावर पळी हळूच पुढे सरकवावी. दोन-तीन चमचे लघवी पुरते. पट्टी बुडवून, डबीवर दिलेल्या वेळेनंतर रंग जुळवून पाहावा. साखर दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा. पट्टीवर साखरेसोबत किटोन, म्हणजे चरबी जळताना साचणारे आम्लधर्मी पदार्थ, हेही दिसले तर संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबू नये.

निदान पक्के होते ते रक्तातली साखर वाढलेली आणि लघवीतही साखर, या दोन्ही गोष्टी एकत्र सापडल्यावर. मूत्रपिंडाचे विकार, कुशिंग, गर्भाशयातला पू यांतही तहान वाढते, म्हणून एका लक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही. फ्रुक्टोसामाइन या तपासणीत मागच्या दोन-तीन आठवड्यांतल्या साखरेची सरासरी कल्पना मिळते. जिल्ह्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांचे बहुतेक काम गाई-बैल, म्हशी आणि शेळ्यांचे असते. तरी डॉक्टरांनी रक्त काढून दिले की साखरेची तपासणी गावातल्या नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही होऊ शकते. नमुना मात्र फ्लोराइडच्या, म्हणजे करड्या बुचाच्या नळीतच घ्यावा. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात. आष्टी किंवा कारंज्याहून उन्हात लॅबपर्यंत पोहोचेतो आकडा खोटाच खाली आलेला असतो. अवघड रुग्णांसाठी नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय हा जवळचा आधार आहे. १९५८ मध्ये सुरू झालेले हे महाविद्यालय आता महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग असून सेमिनरी हिल्सवर आहे.

उपचाराचा कणा म्हणजे इन्सुलिन, आणि तेही बहुतेक कुत्र्यांना बारा-बारा तासांनी दिवसातून दोनदा. माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या कुत्र्यांत उपयोगी पडत नाहीत. आजोबांची गोळी अर्धी करून देण्यात वेळ जातो आणि कुत्र्याला धोका होतो. कुत्र्याचे इन्सुलिन डुकराच्या इन्सुलिनशी तंतोतंत जुळते आणि माणसाच्या इन्सुलिनहून फक्त एका अमिनो आम्लाने वेगळे असते, म्हणून माणसांसाठीचे मध्यम कालावधीचे एनपीएच इन्सुलिनही कुत्र्यांना चालते. सुरुवातीचा डोस किलोमागे साधारण पाव ते अर्धा युनिट असतो. तो पशुवैद्यकाने ठरवायचा आणि त्यानेच बदलायचा. रोजच्या आकड्यावरून घरच्यांनी डोस वर-खाली केला की साखर कधीच स्थिरावत नाही.

सिरिंजचा घोळ जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुधा मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात आणि पेनची काडतुसे १०० युनिटची. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजमध्ये ओढले तर दहाच्या खुणेवर प्रत्यक्षात पंचवीस युनिट भरतात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असल्याची खात्री प्रत्येक खरेदीच्या वेळी करावी. टोचण्यापूर्वी बाटली दोन तळव्यांत हळू फिरवावी, जोरात हलवू नये. मानेच्या मागची किंवा बरगड्यांवरची सैल कातडी चिमटीत उचलून सुई आत सरकवावी आणि रोज जागा थोडी बदलावी. आधी खाणे, मग सुई, हा क्रम ठेवावा. थोडे औषध बाहेर सांडल्यासारखे वाटले तरी पुन्हा टोचू नये. एक डोस कमी पडल्याने फारसे बिघडत नाही, दुप्पट गेला तर मात्र जीव जाऊ शकतो.

बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. फ्रिजच्या दारात किंवा मधल्या कप्प्यात ती सुरक्षित राहते. बर्फाच्या कप्प्यात गोठली तर औषध निकामी होते. उन्हाळ्यात वीज जाते, शेतावरच्या घरी फ्रिज नसतो. अशा वेळी बाटली झाकणाच्या डब्यात घालून ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या माठात ठेवता येते. वर्ध्याचा कोरडा उन्हाळा या उपायाला अनुकूल आहे, कारण हवा कोरडी असली की माठाच्या अंगावरचे पाणी भराभर उडते आणि आतला गारवा टिकतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही. माठ म्हणजे फ्रिज नव्हे, पण ४५ अंशांच्या खोलीतल्या फळीपेक्षा तो पुष्कळ बरा. मोटरसायकलच्या डिकीत किंवा उभ्या गाडीत बाटली दहा मिनिटेही ठेवू नये. नागपूरहून आणताना ती कापडात गुंडाळून बर्फाच्या पिशवीशेजारी ठेवावी, बर्फाला टेकवून नाही. उघडलेली बाटली साधारण महिन्याभरात बदलावी.

खाण्यात नवलाई नको, सातत्य हवे. तेच अन्न, तेवढेच, त्याच दोन वेळांना. ज्वारीची भाकर, कातडी काढून उकडलेले कोंबडीचे मांस किंवा अंडे, थोडा लाल भोपळा, बिनमिठाची पातळ डाळ असे घरचे जेवण पशुवैद्यकाच्या सल्ल्याने बसवता येते, मात्र तराजूवर तोलून. कांदा आणि मनुका कुत्र्यांना विषारी असतात. गूळ, पेढे, दिवाळीचा फराळ बंद. आणि गोडाला पर्याय म्हणून ‘शुगर-फ्री’ पदार्थ कधीही देऊ नयेत. त्यांतल्या काहींत झायलिटॉल असते. ते कुत्र्याच्या पोटात गेले की एकदम इन्सुलिन सुटून साखर कोसळते आणि यकृत निकामी होऊ शकते. वाळलेल्या कुत्र्याला ‘साखर आहे’ म्हणून उपाशी ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आधी वजन भरून काढायचे असते.

साखर फार उतरली तर कुत्रे गळून जाते, झोकांड्या खाते, थरथरते, शेवटी झटके येतात. शुद्धीवर असेल तर लगेच खायला द्यावे. नसेल तर मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी बोटाने हिरड्यांवर चोळावे. बेशुद्ध कुत्र्याच्या घशात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. मग दवाखाना गाठावा आणि विचारल्याशिवाय पुढची सुई देऊ नये. कुत्रे जेवले नाही तर त्या वेळची सुई अर्धी द्यायची की टाळायची, हे पशुवैद्यकाला आधीच विचारून कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवावे. रात्री अकराला डॉक्टरांचा फोन लागेलच असे नाही.

उलट टोकाचा धोका किटोअ‍ॅसिडोसिसचा. इन्सुलिन नसल्याने शरीर चरबी जाळू लागते आणि आम्लधर्मी किटोन साचतात. खाणे सुटते, ओकाऱ्या होतात, श्वास खोल आणि भरभर चालतो, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा किंवा अति पिकलेल्या फळासारखा वास येतो. लघवीचा संसर्ग, गर्भाशयातला पू किंवा स्वादुपिंडाची सूज हे याचे नेहमीचे निमित्त. याला सलाइन आणि भरती लागते, घरी उपचार नाही. हिंगणघाट किंवा समुद्रपूरहून निघायचे असेल तर आधी फोन करून रात्रीची सोय कुठे आहे ते विचारून निघावे.

मोतीबिंदू हा कुत्र्यांच्या मधुमेहाचा ठसा म्हणता येईल. साखर डोळ्याच्या भिंगात सॉर्बिटॉल होऊन साचते, ते पाणी ओढते आणि भिंग पांढरे पडते. एका पाहणीत निदानानंतर वर्षभरात सुमारे तीन-चतुर्थांश मधुमेही कुत्र्यांना मोतीबिंदू झालेला आढळला. कधी कधी हे काही दिवसांत घडते. साखर चांगली आटोक्यात ठेवली तरी तो पूर्ण टळतोच असे नाही. डोळा लाल झाला, मिटून धरला, पाणी गळू लागले तर आतली सूज असू शकते. थेंब लवकर सुरू केले तर वेदना थांबते. शस्त्रक्रियेने दृष्टी परत येऊ शकते, पण ती सोय मोठ्या शहरांतच मिळते. दृष्टी गेलेली कुत्रीही वास आणि कान यांवर घरात व्यवस्थित वावरतात. त्यांचे पाण्याचे भांडे आणि निजायची जागा मात्र हलवू नये.

इन्सुलिन सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे दर एक-दोन आठवड्यांनी तपासणी लागते. दिवसाचा बहुतेक काळ साखर १०० ते २५० च्या दरम्यान राहिली, तहान ओसरली आणि वजन स्थिरावले, की उपचार बसला असे समजतात. घरी माणसांचे ग्लुकोमीटर वापरायचे असेल तर ते कुत्र्याची साखर साधारणपणे खऱ्यापेक्षा कमी दाखवते, हे लक्षात ठेवून डॉक्टरांशी आकडे ताडून घ्यावेत. कानाच्या कडेचा किंवा ओठाच्या आतला थेंब पुरतो. मधुमेही मादीची शस्त्रक्रिया झालेली नसेल तर ती लवकर करून घ्यावी, नाहीतर पुढच्या माजात सगळा हिशेब पुन्हा बिघडतो. माजानंतर नुकत्याच उघड झालेल्या आजारात शस्त्रक्रिया वेळेत झाली, तर काही माद्यांचे इन्सुलिन पुढे बंदही होते. इतरांना ते आयुष्यभर लागते. सुरुवातीचे काही महिने सर्वांत धोक्याचे असतात. ते पार पडले तर पुष्कळ कुत्री पुढे कित्येक वर्षे चांगली जगतात. वहीत चार टिपणे ठेवावीत: पाणी किती, खाणे किती, सुईची वेळ, आठवड्याचे वजन. प्रत्येक भेटीत डॉक्टरांना कुत्र्याच्या आधी ही वही दाखवावी.